बंद रस्ता आणि उघडा रस्ता

शबे बरातच्या रात्री ईशाची नमाज झाली की आपल्याकडे दोन ठिकाणी गर्दी होते. एक कब्रस्तानात. तिथं म्हातारी माणसं, बाप, भाऊ, हातात फुलं आणि अगरबत्तीचा पुडा. दुसरी गर्दी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर. तिथं पोरं. अंगात पांढरा झब्बा, डोक्यावर टोपी, एकेका गाडीवर तिघं. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकायचं आणि रात्रभर फिरायचं. मुंबईत ही पोरं मरीन ड्राइव्हपर्यंत जातात आणि पोलिसांना त्या रात्री जादा नाकाबंदी लावावी लागते. माढ्यात मरीन ड्राइव्ह नाही. शेटफळचा रस्ता आहे.

यंदा त्या रात्री मी एका नव्या कबरीजवळ उभा होतो. माती अजून बसली नव्हती. पोरगा एकोणीस वर्षांचा, आयटीआय करणारा, आमच्याच गल्लीतला. दोन महिन्यांपूर्वी पाचशे रुपयांच्या पैजेवर रात्री अकराच्या सुमाराला दोन गाड्या सुटल्या. ऊस कारखान्याला घालायचे दिवस. एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पुढं काय झालं ते सांगायला नको. मागं बसलेला वाचला, त्याच्या पायात सळई आहे.

तो रस्ता नवा झाला तेव्हा आम्ही सगळे खूश होतो, हेही लिहून ठेवतो. आधी खड्डे होते आणि चाळीसच्या वर गाडी पळत नव्हती.

मौलाना दुआ मागत होते. पोराचा बाप हात वर करून उभा होता. तेवढ्यात लांबून सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज यायला लागला. तो जवळ आला, भिंतीपलीकडून गेला, परत आला. मौलानांनी आवाज चढवला, पण त्यांचं कुणाला ऐकू येईना. बापानं हात खाली घेतले आणि तो नुसताच उभा राहिला. त्या गाड्यांवर त्याच्या पोराचेच दोस्त होते. महिनाभर रोज त्याच्या दारात येऊन रडलेले.

त्यातला एक जण आठवड्यानं मला गॅरेजवर भेटला. मी रागातच होतो. बोलायला लागलो तर त्यानं मोबाईल पुढं केला. म्हणाला, "चाचा, ये देखो. भायर के मुलुक में सरकारच रोड पे रेस लेती. अपन लेते तो गुन्हा. ऐसा काय कू?"

व्हिडिओ आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीचा होता. घरांच्या मधून, दगडी कुंपणांना घासून मोटारसायकली जात होत्या. दारात माणसं उभी. गाडी दिसायच्या आत निघून जाते, एवढा वेग. मी पोराला झापणार होतो, पण प्रश्न खोटा नव्हता. म्हणून घरी येऊन त्या शर्यतीबद्दल मिळेल तेवढं वाचलं. त्याला तोंडी सांगायला बसलो तर तो दहा मिनिटांत उठून जाईल, म्हणून इथं लिहितो. तो हे वाचतो हे मला ठाऊक आहे.

तर पोरा, ते बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे. वस्ती ८४ हजारांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायला तिथली संसद तयार नव्हती. मॅन बेटाची संसद वेगळी. तिनं १९०४ साली कायदा करून शर्यतीसाठी रस्ते बंद करायची सोय केली. १९०७ साली मोटारसायकलींची पहिली टीटी झाली. १९११ पासून ती डोंगरातून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर होते. एक फेरी ६०.७ किलोमीटरची, म्हणजे माढ्याहून निघून सोलापूर दिसायला लागेपर्यंतचं अंतर. वळणं दोनशेहून जास्त. पीटर हिकमन नावाच्या स्वारानं २०२३ साली ही फेरी साडेसोळा मिनिटांच्या आसपास पूर्ण केली. सरासरी ताशी २१९ किलोमीटर. सरासरी, म्हणजे वळणावर कमी केलेला वेगही त्यात धरून.

तू व्हिडिओत पाहिलंस ते एवढंच. व्हिडिओत न दिसणारं आता सांगतो.

रस्ता बंद म्हणजे तिथं खरोखर बंद. कुठला रस्ता किती वाजता बंद होणार आणि किती वाजता उघडणार हे आधी जाहीर होतं. ती वेळ झाली की त्या रस्त्यावर पाय ठेवणं हा गुन्हा. मार्गाच्या आतल्या बाजूला ज्याचं घर आहे, त्याला मनाला येईल तिथून रस्ता ओलांडता येत नाही. वाटेवर पाचशेहून जास्त मार्शल झेंडे घेऊन उभे असतात, प्रत्येकाला ठरलेला टप्पा. ते पुरेसे नसले तर शर्यत सुटत नाही. डोंगरावर धुकं उतरलं, हेलिकॉप्टरला उडता येईना, तरी शर्यत सुटत नाही. जखमी माणसाला उचलायला तेच हेलिकॉप्टर असतं. प्रत्येक गाडी आधी तपासली जाते. आणि ते एकमेकांना खेटून सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं एकेक जण सुटतो. शर्यत घड्याळाशी असते. नवीन स्वाराला पहिल्या दिवशी जुन्या स्वाराच्या मागून संथ फेरी मारावी लागते, अंगावर नारिंगी जाकीट घालावं लागतं, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं की पुढचा नवा आहे.

तू जे हेल्मेट आरशाला लटकवून फिरतोस, त्याचाही संबंध याच शर्यतींशी आहे. इंग्लंडातल्या ब्रुकलँड्स नावाच्या ट्रॅकवर एरिक गार्डनर हे डॉक्टर काम करायचे. मोटारसायकलवाल्यांची फुटलेली डोकी बघून बघून त्यांनी कापड आणि लाखेचं कडक शिरस्त्राण बनवून घेतलं आणि १९१४ च्या टीटीत ते सक्तीचं झालं. स्वारांनी तेव्हाही कुरकुर केली होती.

एवढं सगळं करून काय झालं? त्या डोंगरी मार्गावर आजवर २६० हून अधिक स्वार गेले. १९७२ साली जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन तिथं मेला तेव्हा त्याचा दोस्त, जगज्जेता जाकोमो आगोस्तिनी, म्हणाला की मी इथं पुन्हा उतरणार नाही. तो उतरलाही नाही. इतर मोठे स्वारही बाजूला झाले आणि १९७६ नंतर ती शर्यत जागतिक अजिंक्यपदातून वगळली गेली. २००७ साली एका स्वाराबरोबर बघायला उभे असलेले दोन प्रेक्षकही ठार झाले. २०२२ च्या टीटीनं सहा जणांचा बळी घेतला. त्यात साइडकार चालवणारे एक बाप-लेक होते, दोघं एकाच अपघातात गेले. आणखी एका साइडकारवरच्या दोघांपैकी कोण मेला याची ओळखच चुकली. एका घराला चुकीची खबर गेली आणि काही दिवसांनी ती दुरुस्त करावी लागली. जिवंत माणसाच्या घरात मय्यतीचं रडणं आणि मेलेल्याच्या घरात आशा. जगातली सगळ्यात अनुभवी शर्यत, शंभरावर वर्षांचा सराव, आणि तरी.

उत्तर आयर्लंडच्या डनलप घराण्याचं तर ऐकच. जोई डनलपनं टीटी २६ वेळा जिंकली. २००० साली एस्टोनियात, अशाच बंद रस्त्यावरच्या शर्यतीत, तो गेला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ साली आयर्लंडमधल्या शर्यतीच्या सरावात गेला. रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ साली गेला. धाकटा मायकेल बाप गेल्यावर दोनच दिवसांत त्याच ठिकाणी शर्यतीत उतरला आणि जिंकला. २०२४ मध्ये त्यानं चुलत्याचा विक्रम मोडला. याला हिंमत म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येत नाही. पण त्या घरातल्या बायकांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: तिथलं सरकार "रोड पे रेस लेती" हे खरं, पण आधी तो रोड रोड राहत नाही. तेवढ्या वेळापुरता तो आखाडा असतो. मरणारा सही करून उतरलेला असतो. सही केली म्हणून जीव टाकायची मोकळीक आहे, असं आपण मानत नाही. आपल्याकडे जीव अमानत आहे, ठेवलेल्याचा आहे. म्हणून ती शर्यत माढ्यात आणा असं मी म्हणणार नाही, परवानगी मिळाली तरी. शंभर वर्षं करून ज्यांना ती सुरक्षित करता आली नाही, ती विहिरी, बाभळी आणि वळणावरच्या पानटपऱ्यांमधून आपण करणार?

दुसरं उत्तर जास्त कडू आहे. शेटफळच्या रस्त्यावर त्या रात्री सही कुणीच केली नव्हती. ट्रॉलीच्या खाली जॅक लावून बसलेल्या ऊसवाल्यानं केली नव्हती. चार फूट इकडे-तिकडे झालं असतं तर तो गेला असता, आणि बीडकडून कोयता घेऊन आलेल्या माणसाची बातमी दोन ओळींची आली असती. पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला शेतकरी, एसटी चुकली म्हणून चालत निघालेली बाई, मोहोळकडून लग्न आटपून येणारं कुटुंब, यांच्यातल्या कुणाला माहीत होतं की हा रस्ता आत्ता शर्यतीचा आहे? तू म्हणतोस, आमच्या जिवावर आम्ही खेळतो. नाही रे बाबा. पाचशेची पैज तुमची असते, पण डावावर जीव त्या रस्त्यावरच्या सगळ्यांचे लागलेले असतात. जुगार हराम आहे हे तुला मदरशात शिकवलंय, हा त्यातलाही वाईट प्रकार.

आता कायदा. तुम्ही सगळे म्हणता, "केस कुठली होते, पाचशे देऊन सुटतो." मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. पूर्वी त्यात एक महिना कैद किंवा पाचशे रुपये दंड होता, हे खरं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही झालं, दुसऱ्यांदा सापडलास तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीत कलम १९९ अ आलं. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर बापाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन्स बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या गल्लीत सोळा वर्षांच्या किती पोरांखाली दीडशे सीसीची गाडी आहे, मोजून बघा. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला एका बड्या घरच्या सतरा वर्षांच्या पोरानं महागडी मोटार घालून मोटारसायकलवरच्या दोघांना मारलं तेव्हा आपण सगळे संतापलो, तीनशे शब्दांच्या निबंधावर हसलो. बरोबरच होतं ते. पण चावी बापानंच दिली होती ना? आपणही तेच करतो, फक्त आपली गाडी स्वस्त असते आणि हप्त्यावर असते.

पण या कलम १८९ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. गुन्हा आहे तो राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावण्याचा. म्हणजे परवानगीची जागा कायद्यानं ठेवलेली आहे. ती वापरलीही जाते. २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादेत हुसेनसागरच्या काठचे रस्ते बंद करून विजेवर चालणाऱ्या मोटारींची शर्यत झाली. २०२४ च्या ऑगस्टअखेर चेन्नईत भर शहरातल्या साडेतीन किलोमीटर रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. ते प्रकरण हायकोर्टात गेलं होतं आणि सुरक्षेचा दाखला मिळाल्याशिवाय गाड्या सोडू नका असं कोर्टानं बजावलं होतं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात २०२६ च्या जानेवारीत सायकल शर्यतीसाठी शेकडो किलोमीटर रस्ते दुरुस्त करून ठरलेल्या वेळी बंद केले गेले. म्हणजे सरकारला रस्ता बंद करता येतो. मोठे लोक, मोठे पैसे, मोठे कॅमेरे असले की येतो. तालुक्याच्या पोरांसाठी मात्र एकच योजना आहे: चौकात पोलीस उभा करणे.

माझी तक्रार इथं दोन्हीकडं आहे. पोरांना नुसतं "नको" म्हणून भागत नाही. १७-१८ व्या वर्षी अंगात जे असतं ते कुठंतरी जाणारच. आमच्या वेळी ते तालमीत जायचं, उजनीच्या कालव्यात उड्या मारण्यात जायचं, आणि कालव्यातही पोरं मरायचीच. तेव्हाचं सगळं शहाणपणाचं होतं असं काही नाही.

रसूलल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या, हे बुखारी शरीफमध्ये आहे. तरुण इब्न उमर त्यात स्वतः धावले होते. ही हदीस मी बयानात अनेकदा ऐकली होती, नेहमी एवढंच सांगण्यासाठी की इस्लाममध्ये खेळ जायज आहे. त्यातला तपशील यंदा पहिल्यांदा नीट वाचला. शर्यती दोन होत्या. तयार केलेल्या, खास राखलेल्या घोड्यांसाठी हफ्याहून सनिय्यतुल विदापर्यंतचं लांब अंतर, पाच-सहा मैल. ज्या घोड्यांची तयारी झालेली नव्हती त्यांच्यासाठी सनिय्यापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचं छोटं अंतर, मैलभर. सुरुवात कुठून, शेवट कुठं, कोण कुठल्या शर्यतीत, हे सगळं आधी ठरलेलं. कच्च्याला पक्क्याच्या शर्यतीत सोडलं नव्हतं. चौदाशे वर्षांपूर्वी. आणि पैजेचा जुगार लागू नये म्हणून बक्षिसाचे नियम फकीहांनी केवढ्या बारकाईनं लिहिलेत. आपण यातलं "शर्यत" तेवढं घेतलं.

महाराष्ट्रात याच्या जवळचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बैलगाडा शर्यती २०१४ पासून बंद होत्या. २०१७ साली राज्यानं कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती घ्यायला मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. आज शर्यत घ्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते, अंतराला मर्यादा आहे, बैलाची जनावरांच्या डॉक्टरकडून तपासणी लागते. हे नियम किती पाळले जातात हा वेगळा विषय, त्यावर इथं नको. पण बैलांसाठी लोक भांडले म्हणून नियम आले. शेटफळच्या रस्त्यावरच्या पोरांसाठी कोण भांडलंय? २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यातली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसलेल्यांची संख्या ५० हजारांवर. एकट्या महाराष्ट्रात १५ हजार २२४ गेले. मॅन बेटावर शंभरावर वर्षांत जेवढे स्वार गेले, त्याहून जास्त दुचाकीवाले आपल्या देशात दोन दिवसांत जातात.

आता आपल्या घरातलं. हे आपल्याच पोरांचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. जयंत्यांच्या मिरवणुका, मोटारसायकल रॅल्या, नव्या वर्षाची रात्र, सगळीकडं हेच चालतं. शबे बरातची बातमी मात्र वेगळ्या मथळ्यानं छापली जाते, आणि खाली लोक काय लिहितात ते मी वाचणं सोडलंय. पण बातमी तिरकी आहे म्हणून कबर खोटी होत नाही.

तालुक्यातली गॅरेजं बघा. मिस्त्री बहुतेक आपलेच. सायलेन्सर कोण काढून देतं? आरसे कोण उतरवतं? मागचा ब्रेक "मोकळा" कोण करून देतं? दीडशे-दोनशे रुपयांसाठी. मॅन बेटावर गाडी तपासणारा "ही गाडी आज सुटणार नाही" म्हणाला की जगज्जेत्यालाही परत फिरावं लागतं. तो माणूस आपल्या गावात असलाच तर मिस्त्रीच आहे. मी ज्याच्या गॅरेजवर बसतो त्याला हे म्हणालो. तो बराच वेळ पान्यानं बोल्ट आवळत राहिला. मग म्हणाला, "मैं नै बोल्या तो वो कुर्डूवाडीकू जाके करा लेता. गिराईक भी जाता, उसका बाप भी नाराज होता." खोटं नाही हे. म्हणून एकट्या मिस्त्रीवर टाकून चालणार नाही. जमातीनं सगळ्या गॅरेजवाल्यांना एकदा चहाला बोलवावं आणि एकत्र ठरवून घ्यावं. लग्नात डीजे लावला तर निकाह पढवणार नाही, असे ठराव काही गावांतल्या जमातींनी केलेत. मग सायलेन्सरला काय झालं?

मशिदीतून शबे बरातच्या आधी "पोरांना आवरा" असं आवाहन होतं, ते आता इतकं सवयीचं झालंय की कुणी ऐकत नाही. हजरत लुकमाननी मुलाला केलेली नसीहत कुरआनात आहे. जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, चाल बेताची ठेव, आवाज खाली ठेव, आणि गाढवाच्या आवाजाची आठवण. वेग आणि आवाज, दोन्ही एकाच जागी. बापानं मुलाला सांगितलेलं आहे ते, प्रेमानं. त्यावर एक सबंध खुतबा व्हावा असं मी मौलानांना सुचवलंय. रस्त्यातली इजा दूर करणं हा ईमानचा भाग आहे हे आपण दगड-काटे उचलण्यापुरतं ठेवलंय. बिनदिव्याची ट्रॉली ही रस्त्यातली इजाच आहे, आणि विरुद्ध बाजूनं शंभरच्या वेगानं येणारी गाडीही.

आणि पोरांना एक जागा द्या. डांबरी रस्ता नको, मोकळा माळ. मातीचा, वळणावळणाचा, छोटा मार्ग, जिथं वेग मुळातच फार वाढत नाही. डर्ट ट्रॅकच्या अशा शर्यती पुण्या-नाशकाकडं होत आलेल्या आहेत. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, जागेवर अँब्युलन्स, गाडीची तपासणी, कच्च्यांचा मार्ग वेगळा, पैज नाही. तिथंही हात-पाय मोडतील. तिथंही जीव जाऊ शकतो, हे झाकत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या बांधीव ट्रॅकवर, सगळी तयारी असताना, बंगळूरचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत गेला, आणि तेरा वर्षांच्या मुलाला तिथं सोडणाऱ्यांची मला चीड आली. म्हणून अठराच्या आत नाही, हे पहिलं. पण तिथं उसाची ट्रॉली येणार नाही आणि चालत निघालेली बाई येणार नाही.

पोराला हे मी तोंडी सांगितलं तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "मट्टी पे एक किलोमीटर में क्या होता चाचा, कौन देखने कू आता?" मी म्हटलं, आधी अर्ज तर देऊ. अर्ज लिहून झालाय. तहसीलदार आणि पोलीस ठाणे, दोन प्रती. मोडनिंब रस्त्याच्या एका पडीक माळाचा मालक तोंडी हो म्हणालाय, लेखी द्यायला कचरतोय. अँब्युलन्सचं कुणी नीट बोलत नाही. मिस्त्रीनं सही केली. त्या पोरानंही केली, खाली इतर सात जणांची नावं त्यानंच आणली. आठवं नाव लिहिताना तो थांबला आणि पेन माझ्याकडे दिलं. पायात सळई असलेला दोस्त बाहेर गाडीवर बसला होता, सही करू की नको हे त्याचं अजून ठरत नव्हतं.